कॅम्प झाला, मशीन मिळालं, पुढं कोण बघणार? बीआयईआरटी मास्तरांना शाळेनं साथ कशी द्यायची

बेळगाव असो की चिक्कोडी, दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांत तेच, बीआरसीत, म्हणजे तालुक्याच्या साधन केंद्रात, कॅम्प लागतो, दिव्यांग पोरांची तपासणी होते, पुढं कधीतरी कानाची मशीनं नि व्हीलचेअर येतात, फोटो निघतात आणि नंतरचं सगळं बीआयईआरटी मास्तरांच्या, म्हणजे तालुक्यातल्या दिव्यांग पोरांसाठी शाळाशाळांत फिरणाऱ्या शिक्षकांच्या, गळ्यात. खानापूरसारख्या पसरलेल्या जंगलाच्या तालुक्यात ते रोज प्रत्येक शाळेत पोचणार कसे, सांगा की. म्हणून हेडमास्तर आणि एसडीएमसीवाल्यांसाठी (शाळेच्या विकास नि देखरेख समितीसाठी) हे लिहितोय.

आधी या साहित्याकडं बघायला शाळेत एक माणूस ठरवा, ज्यांना मोबाईलची आवड आहे अशा एखाद्या बाई चालतील, आणि त्यांना टाइमटेबलमध्ये खरोखर वेळ द्या. 'सगळेजण बघतील' म्हटलं की कुणीच बघत नाही, आणि अक्षर दासोहचा (दुपारच्या जेवणाचा) हिशेबपण त्याच बाईंकडे दिला तर मशीन कपाटातच राहणार बगा.

कानाच्या मशीनचं रोज प्रार्थनेनंतर बघायचं. मशीन चालू करून मुठीत झाकून धरा, शिट्टी वाजली तर जिवंत आहे, नाही वाजली तर आधी बॅटरी बदला, मग मोल्डच्या (कानात बसतो त्या तुकड्याच्या) भोकात मळ अडकलाय का बघा. या बॅटऱ्या हवेवर चालतात, स्टिकर काढला की वापरा न वापरा उतरायला लागतात, म्हणून स्टॉकमधल्यांचे स्टिकर उगाच काढू नका, आणि काढल्यावर मिनिटभर थांबून मगच आत घाला. साइझ बघून घ्या, निळ्या स्टिकरची ६७५ आणि केशरी स्टिकरची १३. कणकुंबी-जांबोटीकडं पावसाळ्यात मशीनला ओल धरते, तेव्हा रात्री बॅटरी काढून नुसतं मशीन सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. चुलीजवळ सुकवायचं नाही हं, हे घरच्यांना नीट सांगा.

दिसायला कमी असलेल्या पोरांसाठी फोनवर टॉकबॅक आणि कॉम्प्युटरवर एनव्हीडीए, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी ही दोन्ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत, आवाज मात्र मराठी आणि कन्नड दोन्ही टाकून ठेवा, कारण पोराला दोन्ही विषय आहेत. खरी अडचण नोट्सची असते. श्रीलिपी नाहीतर जुन्या नुडी फॉन्टात टाइप केलेलं असलं तर सॉफ्टवेअर काहीतरी भलतंच वाचतं. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, तिथं कचरा दिसला की युनिकोडमध्ये (कुठल्याही फोन-कॉम्प्युटरला वाचता येतं त्या पद्धतीत) परत टाइप करायला लागणार, आणि ते काम बीआयईआरटी मास्तरांवर न ढकलता त्या त्या विषयाच्या शिक्षकांनीच करायचं. ब्रेलचं त्यामानानं सोपं, भारती ब्रेलमध्ये मराठी 'क' आणि कन्नड 'ಕ'चे ठिपके एकच, त्यामुळे कन्नडसाठी वेगळी लिपी शिकवायची कारणं सांगू नका.

पैशाचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या पोरांना १८ वर्षांपर्यंत साहित्य आणि उपकरणं मोफत द्यायची असं लिहिलंय, तेवढा उल्लेख करून बीईओंना (गटशिक्षणाधिकाऱ्यांना) अर्ज द्या, सोबत यूडीआयडी कार्डाची (दिव्यांग ओळखपत्राची) झेरॉक्स. अर्ज कन्नडातनं लिहा, इथं अभिमान आड आणू नका, टेबलावरनं लवकर हलतो. तोपर्यंत बॅटरीचा किरकोळ खर्च एसडीएमसीनं उचलावा.

आणि एक वही ठेवा. मशीनचा नंबर, कुठल्या कानाचं, बॅटरी कधी बदलली, रिपेरीला कधी गेलं, कुणी नेलं. बाईंची बदली झाली तर वही शाळेतच राहिली पाहिजे, आणि मास्तर व्हिजिटला आले की चहाच्या आधी ती वही त्यांच्यासमोर ठेवा.