कॉलेजच्या ग्रंथालयातला बर्नआउट: आधी काम मोजा

परीक्षेच्या तोंडावर काउंटरवर नो ड्यूजची रांग, टेबलावर कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची फाइल, रॅकपाशी लावायची राहिलेली पुस्तकं. आणि माणसं दोन, ग्रंथपाल नि परिचर. इथे जीव मेटाकुटीला येतो तो कुणी कमकुवत असतं म्हणून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाच्या जागी साचलेल्या ताणाचा परिणाम मानलं. खुणा तीन: गळून जाणं, कामाबद्दल तुसडेपणा, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. पुस्तक मागणाऱ्या मुलाचाच राग येऊ लागला, तर दुसरी खूण आली समजा.

दोन आठवडे वही ठेवा. रकाने चारच: देवघेव, शेल्फिंग, दाखल नोंदी (नव्या पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवणं), इतर. परीक्षेचं सुपरव्हिजन, ऑफिसचं टायपिंग सगळं ‘इतर’मध्ये. तासांची बेरीज ग्रंथालय समितीसमोर मांडा आणि इतिवृत्तात घ्यायला लावा. ‘फार काम आहे’ हे सगळेच म्हणतात. आकड्यावर मात्र बोलावं लागतं.

काउंटरवर एका माणसाला सलग दोन तासांपेक्षा जास्त बसवू नका. एकटेच असाल तर जेवणाचा अर्धा तास काउंटर बंद ठेवा, पण पाटीवर प्राचार्यांची सही हवी. नाहीतर पहिल्या तक्रारीला पाटी उतरते.

सगळ्यात जास्त झोप उडवते ती साठा पडताळणी, म्हणजे नोंदीतलं प्रत्येक पुस्तक जागेवर आहे का ते तपासणं. सुट्टीत एका दमात उरकायला गेलं की दाखल क्रमांक चुकतात, सापडलेलं पुस्तक गहाळ दिसतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. त्याऐवजी एकाने क्रमांक वाचावा, दुसऱ्याने खूण करावी. रोज 400 पुस्तकं. 20,000 पुस्तकांना 50 दिवस लागतील, लागू देत. गहाळ पुस्तक पगारातून कापतील ही भीती तर फार आतवर बसलेली असते. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम 215 वाचा: वर्षभरात दिलेल्या-वाचलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ होणं तिथे वाजवी मानलंय, अट एवढीच की त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. 1,000 रुपयांवरचं किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी होते. आपल्या कॉलेजला कोणता नियम लागू आहे ते प्राचार्यांकडून लेखी घ्या.

नॅकचे आकडे दर महिन्याच्या एक तारखेला काढून ठेवा.

एवढं करूनही झोप लागत नसेल, कामावर जायच्या विचारानेच रडू येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.