तिकोना चढायचा तर सकाळीच

पवना धरणाचं पाणी, त्यापलीकडे तुंग किल्ला आणि उत्तरेला लोहगड-विसापूर, हे सगळं तिकोना किल्ल्यावरून नीट बघायचं असेल तर उजाडताच पायथ्याच्या तिकोना पेठ गावातून चढायला लागा. तुंग आणि जलाशय पश्चिमेकडे आहेत. सकाळी ऊन पाठीवर असतं, त्यामुळे समोरचं स्पष्ट दिसतं आणि फोटोही चांगले येतात. संध्याकाळी तेच ऊन डोळ्यांवर येतं. भर पावसाळ्यात ढगांशिवाय काही दिसेलच याची खात्री नाही (भिजायला जायचं असेल तर गोष्ट वेगळी). पाऊस ओसरल्यावरचा ऑक्टोबर उत्तम. शेवटच्या कातळपायऱ्या उंच आणि उभ्या आहेत. उतरताना घाई नको, पाय आडवा टाका आणि हात मोकळे राहतील अशी पाठीवरची सॅकच घ्या.