गोधडीचा काठ आधी ठरवा, मग सुईत दोरा ओवा

गोधडी शिवायला घेतली की आपण मधल्या तुकड्यांच्या रंगात इतके रमतो की काठाचं शेवटी बघू म्हणतो, आणि तिथेच फसतो. हाताने शिवतात त्या गोधड्या बहुतेक बाहेरून आत शिवत जातात ना, कडेला धावदोरा घालायचा, त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा, असं चौकोनात फिरत मध्यावर यायचं. म्हणजे काठ हीच पहिली शिलाई. तो नंतर लावायला गेलात तर सगळे थर आधीच गोळा झालेले असतात आणि पट्टीला चुण्या पडतात.

आता कापडाचं गणित. सिंगल गोधडी साधारण ६० बाय ९० इंच धरा, चारी बाजू मिळून ३०० इंच. जुनं नऊवारी लुगडं नऊ वार म्हणजे ३२४ इंच, त्यामुळे त्याचा एकच काठ अख्ख्या गोधडीला फिरतो आणि वर थोडा उरतो. पाचवारी साडीचा एक काठ पुरत नाही, दोन्ही कापावे लागतात. कापताना काठाला लागून साडीचं अंग इंचभर सोडा, आत दुमडायला लागतं. आणि कापड उजेडात धरून बघा, विरलेलं दिसलं तर मोह सोडा, कारण पांघरताना आपण काठच ओढतो आणि गोधडी सगळ्यात आधी तिथेच फाटते. जरीचा काठ फोटोत भारी दिसतो पण रात्री मानेला टोचतो, मी तरी पायाकडच्या बाजूलाच लावते.

रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघायचंच. मी एकदा आळस केला, लाल काठ, पहिली धुलाई, अख्खी गोधडी गुलाबी 😅. नवीन कापड असेल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर काठ आटतो आणि मधलं पोट फुगून येतं.

खरी डोकेदुखी कोपऱ्यात आहे. साधा किंवा उभ्या रेघांचा काठ असेल तर कोपऱ्यावर पट्टी वळवायची, जास्तीचं कापड तिरकी घडी घालून आत सारायचं आणि घडीवर बारीक टाके घालायचे, झालं. पण कोयऱ्या किंवा मोर असतील तर घडीत अर्धा मोर गायब होतो आणि मग तेच दिसत राहतं. त्यावर मला जमलेला उपाय म्हणजे कोपऱ्याला वेगळा चौकोन. काठ ४ इंचाचा असेल तर चार कोपऱ्यांना ४ बाय ४ चे खणाचे तुकडे आणि मधे ५२ आणि ८२ इंचाच्या दोन-दोन पट्ट्या (जोडायला पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना आणि चौकोनांच्या चारी बाजूंना अर्धा-अर्धा इंच जास्त घ्या). पट्टी मांडताना टोकापासून सुरू करू नका, एक कोयरी बरोबर बाजूच्या मध्यावर ठेवा आणि दोन्हीकडे जा, म्हणजे कुठे तुटली तर दोन्ही टोकांना सारखीच तुटते आणि मुद्दाम केल्यासारखं वाटतं.

कर्नाटकात यल्लापूर-हल्याळ भागातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाचा समाज) बायका कवंद म्हणजे त्यांची गोधडी शिवतात, त्यांच्याकडे कोपऱ्याला घडीच्या कापडाची छोटी त्रिकोणी फुलं लावतात, त्याशिवाय कवंद पूर्ण झाली असं त्या मानतच नाहीत. कोपरा जरा फसला असेल तर झाकायलाही मस्त, हे माझं आपलं.

काठाबाहेर त्रिकोणांची झालर हवी असेल तर ४ इंचाचा चौकोन तिरका दुमडा, परत एकदा दुमडा, ४ इंच पायाचा त्रिकोण तयार. प्रत्येक त्रिकोण आधीच्याच्या घडीत इंचभर खुपसायचा, म्हणजे दर ३ इंचाला एक, ६० च्या बाजूला २० आणि ९० च्या बाजूला ३०, एकूण बरोबर १००. चिंध्या संपवायला याच्यासारखं दुसरं काही नाही, फक्त त्रिकोणांची कापलेली बाजू वरचा थर आणि अस्तर यांच्यामधे गेली पाहिजे. बाळाच्या दुपट्याला मात्र झालर नको, बाळं ते तोंडात घालून चोखतात, तिथे २ इंचाची साधी मऊ सुती पट्टी बास.

रंगाचं म्हणाल तर मधे गर्दी असेल तर काठ एकरंगी आणि गडद ठेवा, मळही कमी दिसतो. डोक्याकडच्या पट्टीला एक वेगळा रंग द्या, म्हणजे पायाकडची बाजू तोंडावर येणार नाही.

सगळं मांडून झालं की लगेच धावदोऱ्याला बसू नका. गोधडी जमिनीवर ताणून पसरा, मध्यापासून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या बाहेर काढा आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला, टाके लांबलचक असले तरी चालतील, शेवटी उसवायचेच आहेत. मग काठाच्या बाहेरच्या कडेला एक धावदोरा, आतल्या कडेला एक, आणि मधल्या जागेत नक्षीप्रमाणे. दोरा काठाच्या विरुद्ध रंगाचा घेतलात तर टाके उठून दिसतात, अर्थात वाकडे असले तर तेही दिसतात, तेव्हा पहिल्या गोधडीला त्याच रंगाचा घ्या.