सी प्रोग्रॅममधून टर्मिनलच्या विंडोत वाइड कॅरेक्टर मजकूर कसा लिहावा

एन्कर्सेस (टर्मिनलच्या पडद्यावर हव्या त्या जागी मजकूर मांडणारी सी लायब्ररी) वापरून टर्मिनलवर देवनागरी मजकूर लिहिताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते: स्ट्रिंगमधील बाइट, तिच्यातील वाइड कॅरेक्टर (प्रत्येक युनिकोड चिन्हासाठी एक मूल्य) आणि तिने पडद्यावर व्यापलेले कॉलम या तीन वेगवेगळ्या संख्या आहेत आणि प्रोग्रॅम मात्र त्यांना एकच धरून चालतो.

मोजमापाकडे वळण्यापूर्वी तयारी नीट हवी. लायब्ररीची वाइड आवृत्ती, म्हणजे एन्कर्सेसडब्ल्यू, लिंक करावी आणि कर्सेसचे हेडर घेण्याआधी एन्कर्सेस_वाइडचार हा मॅक्रो १ असा डिफाइन करावा. पडदा सुरू करणाऱ्या इनिटस्क्रच्या आधी, लोकॅल म्हणजे भाषा व प्रदेशाचे नियम ठरवणाऱ्या सेटलोकॅलला एलसी_सीटाइप (केवळ अक्षरांविषयीचे नियम) आणि रिकामी स्ट्रिंग देऊन कॉल करावा. हा क्रम उलटला तर बाकी सर्व काही बरोबर असूनही पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसतात. येथे एलसी_ऑल, म्हणजे सर्वच नियम, दिल्यास काही लोकॅलमध्ये दशांशचिन्हही बदलते व फाइलमधून अपूर्णांक वाचणारा भाग बिघडू शकतो, म्हणून केवळ सीटाइप बदलणे अधिक सुरक्षित आहे.

वाइड स्ट्रिंग लिहिणारे मूळ फंक्शन अ‍ॅडडब्ल्यूस्ट्र. त्याला विंडो, जागा आणि मर्यादा यांची जोड देऊन एकूण आठ रूपे होतात. सर्वांत लांब रूपाला आधी विंडो, मग ओळ, मग कॉलम, मग स्ट्रिंग आणि शेवटी मर्यादा द्यावी लागते. ओळ कॉलमच्या आधी येते, हे विसरू नये. मर्यादा उणे १ दिली तर स्ट्रिंग शेवटपर्यंत लिहिली जाते. लिहिलेले प्रत्यक्ष दिसण्यासाठी त्या विंडोवर डब्ल्यूरिफ्रेश बोलवावे लागते.

आता मर्यादेचा अर्थ पाहू, कारण खरी अडचण तेथेच आहे. ‘कुटुंब’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट घेतो. त्यात वाइड कॅरेक्टर ६ आहेत, कारण दोन उकार आणि अनुस्वार स्वतंत्र मोजले जातात. आणि त्याला पडद्यावर लागणारे कॉलम केवळ ३ आहेत. चार कॉलमची जागा आहे म्हणून मर्यादा ४ दिली, तर जागा पुरेशी असूनही ‘कुटु’ एवढेच उमटते. मर्यादा कॅरेक्टरची आहे, कॉलमची नाही. म्हणून प्रत्येक कॅरेक्टरची रुंदी डब्ल्यूसीविड्थला विचारून बेरीज करत जावे, पुढचे कॅरेक्टर मावत नसेल तेथे थांबावे आणि तोवर मोजलेली कॅरेक्टरसंख्या मर्यादा म्हणून द्यावी. शून्य रुंदीची चिन्हे आधीच्या अक्षराबरोबरच ठेवावीत. उणे १ आले, तर ते कॅरेक्टर छापण्यायोग्य नाही असे समजून वगळावे.

काना, वेलांटी आणि जोडाक्षरे यांना किती कॉलम द्यायचे, याबाबत मात्र लायब्ररी आणि टर्मिनल यांचे एकमत असेलच असे नाही. मतभेद झाला की त्या ओळीतील पुढचा सगळा मजकूर सरकतो. यावर टिकणारा उपाय म्हणजे मांडणीच तशी करणे: आकडे आणि ठरावीक रुंदीचे रकाने डावीकडे ठेवावेत, देवनागरी मजकूर ओळीच्या शेवटी ठेवावा आणि त्याच्या उजवीकडे उभी रेघ काढू नये.

चौकट हवीच असेल, तर २० कॉलमच्या विंडोत बॉक्स काढून आत १८ कॉलमची उपविंडो डेरविनने तयार करावी व मजकूर तिच्यातच लिहावा, कारण बाहेरच्या विंडोत लांब स्ट्रिंग लिहिली तर ती उजवी रेघ ओलांडून पुढच्या ओळीच्या आरंभी, म्हणजे डाव्या रेघेवर जाते. विंडोच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात लिहिताना स्क्रोल बंद असेल, तर अक्षर दिसूनही फंक्शन त्रुटी कळवते. ती खरी त्रुटी समजून प्रोग्रॅम थांबवू नये.

बाहेरून आलेला बाइटमधील मजकूर एमबीएसटुडब्ल्यूसीएसने वाइड कॅरेक्टरमध्ये बदलताना दोन गोष्टी तपासाव्यात. अवैध बाइट आढळल्यास परत येणारे मूल्य उणे १ चे साइझ_टी (चिन्हरहित पूर्णांकाचा प्रकार) रूप असते, आणि बफर पूर्ण भरल्यास शेवटचे शून्य लिहिलेच जात नाही. ते आपण स्वतः ठेवावे.