ऑटो हेडलाइट लवकर लागतात की उशिरा? सेन्सिटिव्हिटी अशी जुळवा

हेडलाइटची कळ ‘ऑटो’वर ठेवली की दिवे कधी लावायचे ते गाडी ठरवते, असं आपण म्हणतो. खरं तर ते ठरवतो एक लहानसा सेन्सर, आणि त्याला रस्ता दिसतच नाही. त्याला दिसतो काचेतून वरचा-समोरचा आभाळाचा तुकडा. सोलापूरहून संध्याकाळी मोहोळकडे निघालं की समोर मावळतीचा उजेड असतो, म्हणून दिवे उशिरा लागतात. त्याच वेळी मोहोळहून सोलापूरकडे येणाऱ्या तशाच गाडीचे दिवे आधीच लागलेले असू शकतात. एकाच दिशेचा अनुभव धरून सेटिंग बदललं तर परतीच्या वाटेवर ते पुन्हा चुकीचं वाटणार.

आधी सेन्सर शोधा, मग पुसा

सेन्सर सहसा दोनपैकी एका जागी असतो: डॅशबोर्डवर काचेच्या बुडाशी काळ्या घुमटीत, किंवा आतल्या आरशामागे काचेला चिकटवलेल्या डबीत. या डबीत बहुधा पावसाचा सेन्सरही असतो. डॅशबोर्डवर दोन घुमट्या दिसल्या तर त्यातली एक ऑटोमॅटिक एसीसाठी ऊन मोजणारी असू शकते. काही गाड्यांत दोन्ही कामं एकच घुमटी करते.

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. घुमटीवर धूळ साचली की सेन्सरला उजेड कमी मिळतो आणि दिवे भर दुपारीही लागतात. डॅशबोर्ड तापू नये म्हणून पसरलेला टॉवेल (आपल्याकडे त्याला तोटा नाही), गणपतीची मूर्ती, टोलची पावती, आरशामागे नेमका डबीवर चिकटवलेला फास्टॅग, काचेच्या वरच्या कडेची गडद पट्टी, हे सगळं सेन्सरच्या दृष्टीने अंधारच. ओल्या मऊ फडक्याने घुमटी आणि त्यासमोरची काच आतून-बाहेरून पुसा. डॅशबोर्ड चकचकीत करणारा स्प्रे घुमटीवर मारू नका, त्याच्या चिकट थरावर धूळ आणखी बसते.

सेन्सर जिवंत आहे का?

दुपारी गाडी उघड्यावर, एखाद्या भिंतीसमोर उभी करा. इग्निशन चालू, कळ ‘ऑटो’वर. जाड काळं कापड चौपदरी करून सेन्सरवर ठेवा. नुसत्या तळहाताच्या कडेने उजेड आत शिरतो आणि चाचणी फसते. काही सेकंदांत भिंतीवर उजेड पडायला हवा. कापड काढल्यावर दिवे लगेच विझले नाहीत तर घाबरू नका. झाडाच्या सावलीत किंवा पुलाखाली दिवे लुकलुकू नयेत म्हणून विझण्याची पातळी मुद्दाम वर ठेवलेली असते आणि वर थोडा उशीरही दिलेला असतो. कापडानेही दिवे लागलेच नाहीत, तर दोष सेटिंगचा नाही. वायरिंग किंवा सेन्सर तपासून घ्या.

सेटिंग बदलताना

गाडी थांबवा, गिअर ‘पार्क’ किंवा न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर. बऱ्याच गाड्यांत चालत्या गाडीत हा मेनू उघडत नाही. स्क्रीनवर किंवा मीटरमधल्या डिस्प्लेत ‘व्हेइकल सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘लाइटिंग’ शोधा. होंडाच्या काही मॉडेलमध्ये ‘ऑटो लाइट सेन्सिटिव्हिटी’ला ‘मॅक्स’पासून ‘मिन’पर्यंत पाच पायऱ्या मिळतात. फोक्सवॅगन-स्कोडाच्या काही गाड्यांत तेच ‘अर्ली, मीडियम, लेट’ असं लिहिलेलं असतं आणि ते कळायला सोपं आहे. घोळ होतो तो ‘हाय’ आणि ‘लो’मध्ये. ‘हाय’ म्हणजे दिवे प्रखर नव्हे. ‘हाय’ म्हणजे थोडंसं अंधारून आलं तरी दिवे लागणार, म्हणजे लवकर.

कळीजवळचं 0 ते 3 आकड्यांचं चाक याच्याशी संबंधित नाही. ते झोताची उंची बदलतं.

एका वेळी एकच पायरी बदला आणि निरभ्र संध्याकाळी पाहा. घड्याळाची वेळ धरू नका, सूर्यास्त धरा: सोलापुरात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सात वाजून गेल्यावर. तोंड पश्चिमेला असताना दिवे सूर्यास्तानंतर दहा मिनिटांच्या आत लागले आणि पूर्वेला असताना त्याआधी लागले, तर सेटिंग जमलं. पश्चिमेला जाताना वीस-पंचवीस मिनिटं उलटूनही दिवे लागत नसतील तर एक पायरी ‘हाय’कडे न्या. शंका असेल तिथे लवकरची बाजू घ्यावी. उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, आणि त्यांचा रिफ्लेक्टर चमकतो तो आपल्याच हेडलाइटने.

मेनूच नसेल तर

पुष्कळ गाड्यांत हा पर्याय स्क्रीनवर नसतो. टोयोटाच्या काही गाड्यांसारखं काहींत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर जोडून तो बदलता येतो. सर्व्हिसिंगला गाडी देतानाच जॉब कार्डवर ‘लाइट सेन्सर सेन्सिटिव्हिटी’ असं स्पष्ट लिहायला लावा, नाहीतर झोताची उंची बदलून मिळते.

घुमटीवर काळ्या फिल्मची टिकली चिकटवायचा जुगाडही चालतो. त्याने दिवे लवकर लागतात, उशिरा मात्र करता येत नाहीत. पण घुमटी एसीसाठीही असेल तर गाडीला ऊन कमी वाटतं आणि एसी मंदावतो. मे महिन्यातल्या सोलापुरात हा सौदा कोणीच करू नये.

पुढची काच बदलल्यावर दिवे आणि वायपर दोन्ही वेड्यासारखे वागू लागले, तर सेटिंगला हात लावू नका. सेन्सर आणि काचेमध्ये पारदर्शक जेलचा पॅड असतो. जुनाच पॅड पुन्हा लावला की त्यात हवेचे बुडबुडे राहतात. बाहेरून टॉर्च मारल्यावर ते दिसतात. नवा पॅड बसवून घ्या, आणि गाडीला लागत असेल तर स्कॅनरने सेन्सर पुन्हा जुळवून (कॅलिब्रेट करून) घ्या.

कुठल्याही पायरीवर एक गोष्ट मात्र जमत नाही. थंडीत पहाटे उजनीच्या पट्ट्यात धुकं पडलं की उजेड भरपूर असतो, दिसत काही नसतं. सेन्सर उजेड मोजतो, म्हणून दिवे लागत नाहीत. पुढचे डीआरएल (दिवसा आपोआप जळणारे दिवे) चालू असल्याने आपल्याला दिवे लागल्यासारखे वाटतात, पण अनेक गाड्यांत तेव्हा मागचे दिवे बंदच असतात. अशा वेळी आणि भर पावसात कळ हाताने ‘ऑटो’वरून लो बीमवर फिरवा.