क्लेरिकला महाभूताचा देव देताय? या चुका टाळा

आम्ही शनिवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे फासे टाकत, एकेक पात्र घेऊन गोष्ट खेळायची. तिथे कुणी नवीन क्लेरिक (देवाच्या बळावर जादू करणारा पुजारी) करायला बसलं की प्रश्न ठरलेला असतो. "देव कुठला घेऊ? तो आगीचा आहे ना एक?"

आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या फर्गॉटन रेल्म्स या जगात महाभूतांचे चार देव आहेत: आगीचा कोसूथ, हवेची अकाडी, पृथ्वीचा ग्रंबार आणि पाण्याचा इस्तिशिया. (पाचवं, आकाश, शोधू नका. हा हिशेब ग्रीकांच्या चार तत्त्वांचा आहे.) पण २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकात (खेळाडूंच्या नियमपुस्तकात) मागे रेल्म्सच्या देवांची जी यादी आहे, तिच्यात हे चौघेही नाहीत. त्यामुळे नाव कुठूनतरी कानावर येतं आणि बाकीचं जो तो आपल्या मनाने भरतो. घोळ तिथून सुरू होतो.

स्पेल (मंत्र) बघून देव घेणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो.

मला फायरबॉल, म्हणजे आगीच्या स्फोटाचा स्पेल, हवा होता. २०१४ च्या नियमांत क्लेरिकला आगीचं वेगळं डोमेन (देवाच्या ताकदीची शाखा, जिच्यातून खास मंत्र मिळतात) नाही. जवळचं म्हणजे लाइट, आणि त्यात पाचव्या लेव्हलला फायरबॉल मिळतो. म्हणून लाइट डोमेन, म्हणून कोसूथ. कॅरेक्टर शीटवर देवाच्या रकान्यात नाव लिहिलं आणि विसरून गेलो.

पाचवी लेव्हल आली. एका गोदामात तीन गुंड आणि त्यांनी पळवून आणलेला एक व्यापारी. आम्ही आलो होतो त्या व्यापाऱ्याला सोडवायला. मी फासे हातात घेतले तसं डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, शांतपणे विचारलं, "खोली तीस बाय तीस फुटांची आहे. गव्हाची पोती भिंतीला लागून. नक्की?" फायरबॉलची त्रिज्या वीस फूट, म्हणजे नकाशावर पाच-पाच फुटांचे आडवे आठ चौकोन. खोली सहा चौकोनांची. इव्होकेशन शाखेचा विझार्ड (जादूगार) आपल्या माणसांभोवती आग वळवू शकतो, क्लेरिकला ती सोय नाही. नुकसानीच्या आठ फाशांची बेरीज एकतीस आली. व्यापाऱ्याने सेव्ह केला (फासा टाकून बचाव साधला), तरी अर्धे पंधरा. त्याच्याकडे जिवाचे पॉइंट होते नऊ. वर पोत्यांनी पेट घेतला, कारण कुणाच्या अंगाखांद्यावर नसलेली जळाऊ वस्तू फायरबॉलने पेटतेच.

खरी फजिती पुढे. डीएमने विचारलं, "आता तुझा कोसूथ काय म्हणेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या देवाला काय आवडतं आणि काय चालत नाही, हे मी वाचलंच नव्हतं.

तेव्हापासून मी नवीन खेळाडूला देवाची ताकद विचारत नाही, त्याचं पथ्य विचारतो. कोसूथला आगीने शुद्ध होणारा, जिद्दीने वर चढणारा भक्त लागतो. त्याच्या पंथात उतरंड कडक असते, आणि थे नावाच्या देशातल्या लाल झग्यांच्या जादूगारांमध्ये त्याचे भक्त आहेत ते उगाच नाही. ग्रंबारला बदल नको असतो, दिलेला शब्द पाळायला हवा असतो. अकाडीच्या भक्ताला एका गावात मुक्काम टाकून बसणंच जड जातं. इस्तिशियाचा माणूस पाण्यासारखा: आकार बदलेल, पाणी राहील. तुमच्या पात्राला यातलं कुठलं पथ्य झेपेल आणि कुठलं मोडायचा मोह होईल, ते बघा. मोह होणारच नसेल तर तो देव त्या पात्राला फारच सोयीचा आहे.

चौघांना चांगले किंवा वाईट ठरवणं

"आग म्हणजे दुष्ट, पाणी म्हणजे दयाळू" असं धरून लोक चालतात. खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत चौघेही सरळसरळ न्यूट्रल आहेत, माणसांच्या सुखदुःखाकडे फारसं न बघणारे. बरं-वाईट भक्त करतो. त्यामुळे "माझा देव मला हे करायला सांगतो" ही सबब इथे चालत नाही. तो बहुतेक काहीच सांगत नाही.

राजपुत्रांशी गल्लत

ही चूक कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी सलग गोष्ट) बिघडवते. २०१५ चं प्रिन्सेस ऑफ द अपोकॅलिप्स हे तयार साहस खेळत असाल तर त्यात डेसारिन खोऱ्यात चार पंथ धुमाकूळ घालतात, पण ते या चौघांचे नाहीत. आगीचा इमिक्स, मातीचा ऑग्रेमॉक, पाण्याची ओलहिड्रा आणि हवेचा यान-सी-बिन हे दुष्ट महाभूतांचे राजपुत्र. नवा खेळाडू हौसेने कोसूथचा क्लेरिक करतो, ढालीवर ज्वाळा रंगवतो आणि गावात शिरतो. गावकरी दारं लावून घेतात. त्यांच्या लेखी ज्वाळा म्हणजे इमिक्सची माणसं. डीएमशी आधी बोलून ठेवलंत तर याच गैरसमजावर दोन सेशन मजेत निघतात. नाही बोललात तर पहिल्याच संध्याकाळी तुमच्याच पार्टीतलं (टोळीतलं) कुणीतरी तुम्हाला बांधून ठेवतं.

वादळ हवं असताना पाणी मागणं

समुद्री चाच्याचा क्लेरिक करायचा म्हणून इस्तिशिया घेतात आणि मग तक्रार करतात की हा देव फार थंड आहे. अहो, तुम्हाला अंबरली हवी होती. ती समुद्राची कोपिष्ट देवी, हँडबुकाच्या यादीतही आहे, तिचं डोमेन टेम्पेस्ट, म्हणजे वादळ. जहाज बुडू नये म्हणून खलाशी तिला भीतीपोटी काहीतरी वाहतात. नारळी पौर्णिमेचा नारळ आठवेल, पण इथे प्रेमाचा भाग शून्य. तसंच कडाडणारी वीज हवी असेल तर अकाडीपेक्षा वादळाचा देव टॅलोस याच्याकडे जा.

आपल्या देवांचा साचा लावणं

कोसूथ म्हणजे अग्नी आणि इस्तिशिया म्हणजे वरुण, असं समीकरण मराठी टेबलावर पाच मिनिटांत होतं. समजायला सोपं, खेळायला चुकीचं. ऋग्वेदाचं पहिलं सूक्त अग्नीचं, आणि तो तिथे पुरोहित आहे: आपण दिलेलं देवांपर्यंत पोचवणारा. कोसूथ कुणाचं काही पोचवत नाही. नवसाचंही तेच. "हा दरवाजा उघडू दे, शंभर सोन्याची नाणी वाहीन" असली बोली या चौघांपुढे फुकट जाते.

आगीवर सगळी भिस्त ठेवणं

डेव्हिलांना आग लागत नाही. डीएम तुम्हाला नरकाच्या पहिल्या थरात, अव्हर्नसला नेणार असेल तर कोसूथच्या भक्ताची अर्धी पोतडी तिथे निकामी. पण घाबरून देव बदलू नका. सेक्रेड फ्लेम या कँट्रिपच्या (हवी तितक्या वेळा वापरता येणाऱ्या छोट्या मंत्राच्या) नावात ज्वाळा असली तरी तिचं डॅमेज रेडियंट (दिव्य तेजाचं) आहे, आगीचं नाही. डेव्हिलांवर ती व्यवस्थित चालते. बरेच जण नाव वाचूनच ती सोडून देतात.

आणि आधीच चुकला असाल तर

देव तोच ठेवून डोमेन बदलून मागा, बहुतेक डीएम नाही म्हणत नाहीत. कोसूथच्या भक्ताला २०१७ च्या झॅनाथार्स गाइडमधलं फोर्ज डोमेन छान बसतं: भट्टी, हातोडा, आणि सहाव्या लेव्हलला आगीपासून संरक्षण. २०२४ च्या नियमांनी खेळत असाल तर डोमेन तिसऱ्या लेव्हलला निवडायचं असतं, म्हणजे देवाचं पथ्य आधी दोन लेव्हल जगून बघता येतं. मात्र त्या हँडबुकात टेम्पेस्ट नाही, फक्त लाइफ, लाइट, ट्रिकरी आणि वॉर. टेम्पेस्ट हवं असलेल्या अकाडीवाल्यांनी जुनं पुस्तक चालेल का ते आधी विचारून घ्यावं.

माझ्या क्लेरिकचं म्हणाल, तर त्याने देव बदलला नाही. आता तो प्रत्येक गावात शिरल्यावर आधी त्या व्यापाऱ्याच्या घरचं कुणी आहे का, याची चौकशी करतो. डीएमने अजून कुणी भेटवलेलं नाही. शीटवर देवाच्या रकान्याखाली मी पेन्सिलने एक ओळ लिहून ठेवली आहे: "आत कोण आहे ते आधी विचार."