एआय एजंट वापरणार असेल तर सप्लाय चेन टूलचं डॉक्युमेंटेशन कसं लिहायचं

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यासाठी आम्ही सप्लाय चेन अॅनालिसिसचं टूल केलंय. सूत कुठनं येतं, कोण किती दिवसात देतं, एखादी सूतगिरणी बंद पडली तर कुठल्या ऑर्डरी अडकतील, असलं सगळं ते सांगतं. पण ते माणूस उघडत नाही, एआय एजंट वापरतो, म्हणजे प्रश्न समजून घेऊन कुठलं टूल चालवायचं ते स्वतः ठरवणारा एआय प्रोग्रॅम. मालक मोबाईलवर मराठीत विचारतात आणि एजंट टूलकडनं उत्तर आणतो. कोड दोन आठवड्यात झाला, पण टूल काय करतं हे एजंटला सांगणारं वर्णन नीट जमायला दोन महिने लागले.

सुरुवातीला मी त्यातल्या स्टॉकच्या टूलचं वर्णन एवढंच लिहिलं होतं: "यार्नचा स्टॉक देतं." उत्तरात एक फील्ड, म्हणजे माहितीचा रकाना होता, काउंट. आता सोलापुरात कुणालाही विचारा, काउंट म्हणजे सुताची जाडी-बारकी, एका पौंडात 840 यार्डाच्या किती लड्या बसतात तो आकडा, 20 काउंट म्हणजे 20 लड्या, आकडा वाढला की सूत बारीक. एजंटला हे कोण सांगणार? त्यानं काउंट 20 बघितलं आणि मालकांना कळवलं, 20 नग शिल्लक आहेत. मालकांनी तातडीनं सूत मागवलं, आणि गोडाऊनमध्ये तेच सूत हजार किलोच्या वर पडून होतं.

तर पहिलं काम हे करा, लिहायला बसायच्या आधी गोडाऊन सांभाळणाऱ्या माणसाजवळ तासभर बसा आणि तो जे शब्द वापरतो ते सगळे उतरवून घ्या. सूत, यार्न, धागा, तिन्ही एकच, हे वर्णनात लिहा. टॉवेलला ताणे, म्हणजे उभे धागे, दोन असतात, एक ग्राउंडचा आणि एक पाईलचा, पाईलचा सैल सोडतात म्हणून टॉवेलवर फासे उठतात, आणि वर बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळाच. एकच काउंट तिन्हीकडे लागू शकतो, त्यामुळं "उपयोग" हे फील्ड वेगळं ठेवा आणि त्यात ग्राउंड, पाईल, बाणा हे तीनच पर्याय चालतील असं स्कीमात, म्हणजे माहिती कुठल्या रूपात द्यायची त्याच्या नमुन्यातच, बांधून टाका. जेसन स्कीमात ईनम, म्हणजे ठरलेल्या पर्यायांची यादी, त्यासाठीच आहे.

आमचं आताचं वर्णन असं आहे: "गोडाऊनमध्ये आत्ता असलेलं सूत किलोत देतं. काउंट म्हणजे सुताचा नंबर, नग नव्हे. काउंट मजकूर म्हणून पाठवा, '20' म्हणजे एकेरी, '2/20' म्हणजे 20 नंबरचे दोन धागे पिळलेले. वाटेत असलेला माल यात धरलेला नाही, त्यासाठी 'येणारा माल' हे टूल वापरा." यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, टूल कधी वापरायचं नाही ते. तुम्ही मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एजंटला टूल जोडायची ठरलेली पद्धत, वापरत असाल, एआय कंपनी अँथ्रोपिकनं नोव्हेंबर 2024 मध्ये आणलेली, तर एजंट टूल निवडतो ते मुख्यतः नाव, वर्णन आणि इनपुट स्कीमा बघून, तुमची वेगळी पीडीएफ त्याच्यापर्यंत पोचतच नाही. आणि '2/20' मजकूर म्हणूनच ठेवा, नाहीतर कुठंतरी त्याची तारीख होते नाहीतर भागाकार.

एककं प्रत्येक फील्डच्या नावातच घाला, वजन_किलो, दिवस_कॅलेंडर. दिवसांचं तर फार जपा. "12 दिवस" म्हणजे ऑर्डर दिल्यापासून का अॅडव्हान्स पोचल्यापासून, सुट्ट्या धरून का सोडून, हे लिहिलं नाही तर एजंट आपल्या मनानं धरतो. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असती, नंदीध्वज निघतात, त्या दिवसात कामगार येत नाहीत आणि कारखान्याचं वेळापत्रक हलतं, तर कारखान्याच्या सुट्ट्यांची यादी टूलमध्ये द्या आणि हिशोबात ती धरलीय असं वर्णनात सांगा.

रिकाम्या उत्तराचा अर्थ पण लिहा. शून्य म्हणजे मोजलं आणि नाही, रिकामं म्हणजे मोजलंच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एजंट दोन्हीला "संपलंय" म्हणतो. सोबत शेवटची मोजणी कधी झाली ती वेळ द्या.

आता खऱ्या अॅनालिसिसकडं. आमच्याकडं तीन व्यापारी सूत देत होते, मालकांना वाटायचं एक अडला तर दोघं आहेत. टूलनं एक पायरी मागं जाऊन बघितलं तर तिघांचं पाईलचं सूत एकाच गिरणीतनं येत होतं! पण एजंटनं हे आपणहून कधीच सांगितलं नसतं, कारण "पातळी" या इनपुटचा डिफॉल्ट, म्हणजे काही सांगितलं नाही तर धरला जाणारा आकडा, 1 होता आणि त्याचा अर्थ कुठंच लिहिलेला नव्हता. आता लिहिलंय: 1 म्हणजे आपल्याला बिल देणारा व्यापारी, 2 म्हणजे त्याला माल देणारी गिरणी, 3 म्हणजे गिरणीला कापूस देणारी जिनिंग, जिथं कापसातली सरकी काढतात, आणि "धोका विचारला तर कमीत कमी 2 घ्या."

एरर लिहिताना पुढं काय करायचं तेच लिहा. "चुकीचं इनपुट" वाचून एजंट तेच परत पाठवतो, "काउंट एकेरी का दुहेरी कळलं नाही, '20' किंवा '2/20' पाठवा" वाचलं की दुसऱ्या खेपेला बरोबर येतो. हजार ओळी एकदम पाठवू नका, पहिल्या 20 द्या आणि एकूण किती आहेत ते सांगा. ऑर्डर टाकणारं टूल असेल तर "मालकांना विचारून टाक" एवढं वर्णनात लिहून भागत नाही, मंजुरी कोडमध्येच घ्या. व्यापाऱ्याच्या बिलावरचा शेरा म्हणजे फक्त माहिती, तिथं कुणी काहीही लिहू शकतं, त्यातली सूचना एजंटनं पाळायची नाही, हे स्पष्ट लिहा.

तपासायला मालकांनी आणि मुनीमजींनी खरोखर विचारलेले वीसेक प्रश्न जमवून ठेवा, त्यांच्याच भाषेत, शुद्ध करू नका. वर्णनात एक शब्द जरी बदलला तरी सगळे परत चालवा, आणि उत्तर बरोबर आलं म्हणून सोडू नका, एजंटनं कुठलं टूल घेतलं, काय पाठवलं ते लॉगमध्ये, म्हणजे टूलच्या कामाच्या नोंदीत, बघा. आमच्या यादीत पहिला प्रश्न अजून तोच आहे, "2/20 किती शिल्लक आहे".